१६ लिटरचा पंप, केळीचा खोका, खुरपं, ओटा: अंगाला बसणारी मापं लिहा

पऱ्हाटी

खरीप तोंडावर आला. गटामार्फत फवारणीचे पंप, खुरपी, सायकल कोळपी (चाकाची, हाताने ढकलायची) आणि केळीच्या पॅकिंगचं थोडं सामान एकत्र घ्यायचं चाललंय. दुकानात गेलं की लिटर, अँपिअर आणि वॉरंटी सांगतात. पट्टा किती रुंद हवा, मूठ किती जाड हवी, खोका कोणत्या उंचीवरून उचलावा, यावर कोणी बोलत नाही आणि अंग मोडतं ते नेमकं तिथंच. इथे अर्गोनॉमिक्सवाले (काम आणि अवजार अंगाला बसवणारे) आहेत, फिजिओ आहेत, फॅब्रिकेशनवाले आहेत, म्हणून धागा काढला.

अट एकच. ‘माझी कंबर कशी गेली’ हे किस्से दुसऱ्या धाग्यावर. इथे मापं, त्यामागचं कारण आणि काय कुठे बिघडतं तेवढं लिहा. जिल्हा जळगाव, जमीन काळी, पीक कापूस आणि केळी.

---

वाफसा

चांगला धागा. आधी एक हिशोब, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

पाठीचे स्नायू मणक्याच्या मध्यापासून जेमतेम ५-६ सेंमीवर असतात. पुढे धरलेलं वजन मात्र ३०-४० सेंमीवर. तराजूचा एक दांडा बोटभर आणि दुसरा हातभर असावा तशी ही मांडणी. २० किलोची वस्तू कण्यापासून ४० सेंमीवर धरली तर ५ सेंमीवरच्या स्नायूला २० × ४० ÷ ५ = १६० किलोचा ताण द्यावा लागतो. तीच वस्तू २५ सेंमीवर आणली की १००. वजन तेच, पाठीवरचा भार ६० किलोने उतरला. वाकलं तर धडाचं स्वतःचं वजन वेगळं, ते यात धरलेलं नाही. म्हणून कुठलंही सामान घेताना पहिला प्रश्न ‘किती किलो’ हा नाही, ‘अंगापासून किती लांब’ हा.

आता पंप. १६ लिटर पाणी म्हणजे १६ किलो, वर पंपाचं अंग आणि बॅटरी मिळून ५ किलो, एकूण २१ धरा. टाकीचा मध्य कण्याच्या मागे साधारण २० सेंमीवर येतो. तोल सांभाळायला माणूस पुढे झुकतो. ६० किलोच्या माणसाचं कमरेवरचं अंग ३६ किलोच्या आसपास. ते २१ × २० ÷ ३६, म्हणजे जवळपास १२ सेंमी पुढे न्यावं लागतं. टाकी पाठीला चिकटून बसली आणि अंतर १४ सेंमीवर आलं तर ८ सेंमीत भागतं. एकरी १५० ते २०० लिटर फवारायचं म्हणजे १० ते १३ टाक्या. तेवढा वेळ ४ सेंमी कमी झुकणं ही छोटी गोष्ट नाही.

त्यामुळे पंप घेताना टाकीची जाडी बघा. रुंद आणि चपटी टाकी चांगली, गोल पोटाची वाईट. पाठीकडची बाजू आत वळलेली असावी. बॅटरी टाकीच्या खाली आणि पाठीकडच्या अंगाला हवी, बऱ्याच पंपांत ती मागच्या बाजूला टांगल्यासारखी असते. १२ व्होल्ट ८ अँपिअर-अवरची शिसे-आम्लाची बॅटरी अडीच किलोच्या आसपास भरते. तेवढ्याच क्षमतेची लिथियम घेतली तर दीडेक किलो वाचतो. पैसे जास्त लागतात, पण ते लिटरवर उधळण्यापेक्षा इथे घाला.

---

लेथवाला

पट्ट्यांचं मी लिहितो. कंपनीचा पट्टा बहुतेक ४ सेंमी रुंद, त्याखाली स्पंजची गुंडाळी. स्पंज दोन कारणांनी काढून टाका. ओल्या भाराखाली तो चेपून पापड होतो हे एक. दुसरं जास्त गंभीर: झाकणातून किंवा नळीतून गळलेलं औषध तो पितो आणि घामेजल्या खांद्यावर दिवसभर लावून ठेवतो. बंद पेशींचा ईव्हीए फोम लावा, चपलेच्या तळव्याला असतो तो. पाणी शोषत नाही, साबणाने धुता येतो. रुंदी ६-७ सेंमी, जाडी १२ ते १५ मिमी. त्याहून जाड गादी पाठीकडे लावाल तर टाकी आणखी मागे जाईल आणि वाफसा भाऊंचा हिशोब उलटा फिरेल.

खरा फरक पडतो तो कमरेच्या पट्ट्याने. ८ ते १० सेंमी रुंद, पोटावर नाही, दोन्ही बाजूंना हाताला लागतं त्या कमरेच्या हाडावर टेकलेला. खांद्यावरचा बराच भार तो ओटीपोटाच्या हाडावर उतरवतो. जोडताना टाकीला भोक पाडू नका, लोक हेच करतात आणि मग तिथून तडा जातो. टाकीखाली ३ मिमीच्या पट्टीचा इंग्रजी यू आकाराचा पाळणा करून त्याला पट्टा ओवायचा.

बक्कल झटक्यात सुटणारं हवं. गळती झाली तर पंप तीन सेकंदांत अंगावरून खाली आला पाहिजे, गाठ सोडत बसायला वेळ नसतो.

बांधायचा क्रम: आधी कमर, मग खांदे, शेवटी छातीवरची आडवी पट्टी. छातीच्या पट्टीत दोन बोटं सहज जावीत. खांद्याचे पट्टे सैल राहिले की टाकीचं डोकं मागे कलतं आणि सगळी मेहनत वाया.

---

पऱ्हाटी

उत्तम. दोघांना एक प्रश्न. १६ ऐवजी १२ लिटरच भरला तर?

---

वाफसा

२०० लिटरला १३ ऐवजी १७ खेपा होतील. पंप भरायची जागा बांधाच्या एका टोकाला असेल तर वाचलेली मेहनत चालण्यातच जाईल. ड्रम शेताच्या मध्ये ठेवता येत असेल तर १२ लिटर कधीही बरा. आणि अर्धी टाकी हिंदकळते, तिच्यात आडवे पडदे आहेत का ते झाकण उघडून बघा.

पाठीवर घेण्याची पद्धत मात्र सगळ्यांनी बदला. जमिनीवरून भरलेला पंप एका पट्ट्याने झटका देऊन खांद्यावर टाकतात. वाकणं, वळणं आणि एका बाजूचा भार, तिन्ही वाईट गोष्टी एका झटक्यात. ७५ ते ८० सेंमी उंचीच्या कशावरही पंप ठेवा, ट्रॉलीचा फाळका चालतो, बांधाचा दगडी कट्टा चालतो. तिथेच भरा, पाठमोरे व्हा, गुडघ्यात थोडं वाका, पट्टे चढवा, उभे राहा. उतरवतानाही तिथेच.

नळीच्या खटक्याला लॉक असलेला घ्या. दिवसभर खटका दाबून धरला की कोपरापासून मनगटापर्यंतचे स्नायू सैलच होत नाहीत. प्रत्येक टाकीला हात बदलायचा.

कापूस डोक्याएवढा झाल्यावर फवारा तोंडाच्या उंचीवर उडतो, तिथे पट्टा-बिट्टा दुय्यम. २०१७ मध्ये यवतमाळकडे फवारणीच्या विषबाधेने शेतकरी गेले ते विसरायला नको. मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्या, वाऱ्याला पाठ, हे आधी.

---

चोपडेकर_भाऊ

एवढा खटाटोप कशाला, मेडिकलमध्ये कंबरेचा पट्टा मिळतो. तो घट्ट आवळला की झालं. हमाल लोक वापरतातच.

---

मणका

भाऊ, दोन पट्टे वेगळे. लेथवाले म्हणतात तो भार खांद्यावरून कमरेच्या हाडावर नेतो. मेडिकलवाला फक्त पोट आवळतो, भार कुठेच नेत नाही. अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या व्यावसायिक आरोग्य संशोधन संस्थेने १९९४ मध्ये उपलब्ध अभ्यास तपासून सांगितलं की निरोगी कामगाराला असा पट्टा इजेपासून वाचवतो असा पुरावा नाही. धोका उलट आहे. आवळल्यावर माणसाला आपण जास्त उचलू शकतो असं वाटतं आणि तो उचलतो. शस्त्रक्रियेनंतर किंवा दुखणं असताना डॉक्टरांनी ठराविक काळासाठी दिला असेल तर गोष्ट निराळी.

---

सावदा_केळी

मुद्द्याचं विचारतो. निर्यातीच्या खोक्यात साडेतेरा किलो माल असतो. पॅकिंगवाली पोरं खोका जमिनीवर भरतात, तिथून उचलून गाडीत. मिनिटाला चारेक खोके, दीड-दोन तास सलग. साडेतेरा किलो म्हणजे काही फार नाही, तरी संध्याकाळी सगळे कंबर धरून. का?

---

वाफसा

याचा नीट हिशोब करता येतो. ‘नायॉश’चंच उचलण्याचं समीकरण आहे, १९८१ चं, १९९१ मध्ये सुधारलेलं. सगळं आदर्श असेल तर २३ किलो, आणि प्रत्येक गैरसोयीला त्यातून कापत जायचं. सेंमीत मापं घ्या.

आडवं अंतर: २५ भागिले घोट्यांच्या मध्यापासून हातापर्यंतचं अंतर.
हाताची उंची: ७५ सेंमी उत्तम. त्यापासून वर किंवा खाली जितके सेंमी, त्याला ०.००३ ने गुणून १ मधून वजा.
उचलण्याचा पल्ला: ०.८२ अधिक (४.५ भागिले पल्ला).
वळणं: जितके अंश वळाल, त्याला ०.००३२ ने गुणून १ मधून वजा.
वारंवारता आणि पकड यांचे तक्ते आहेत. मिनिटाला ४ वेळा, दोन तासांपर्यंत, याला ०.७२.

सावद्याचा खोका घेऊ. जमिनीवर ठेवलेल्या खोक्याच्या हातभोकांची उंची १५ सेंमी. खाली वाकल्यावर हात घोट्यांपासून ४० सेंमी पुढे जातात, कारण गुडघे मध्ये येतात. गाडीचा हौदा १०० सेंमीवर, म्हणजे हात ११५ पर्यंत, पल्ला १००. पकड मध्यम, ०.९५.

२३ × ०.६२५ × ०.८२ × ०.८६५ × ०.७२ × ०.९५ = ७ किलो.

खोका साडेतेराचा. मर्यादेच्या जवळपास दुप्पट. ‘फार नाही’ वाटणारं वजन असं दुप्पट होतं.

आता खोका ६० सेंमीच्या स्टँडवर भरा. हातभोकं आपोआप ७५ वर आली. गुडघे आड येत नाहीत, म्हणून आडवं अंतर ३० वर येतं. पल्ला ४० उरतो. या उंचीवर मध्यम पकडीची कापणीही लागत नाही.

२३ × ०.८३३ × १ × ०.९३२५ × ०.७२ = १२.९ किलो.

साडेतेराच्या अगदी जवळ. खोका तोच, पोरं तीच, फक्त ६० सेंमीचं लोखंड मध्ये आलं.

दोन सावधगिऱ्या. स्टँड गाडीला काटकोनात ठेवून पाय न हलवता कमरेतून ९० अंश वळाल तर १२.९ चे ९.२ होतात. स्टँड आणि हौदा यांच्यात दोन पावलांची जागा ठेवा, इतकी की वळताना पाय उचलावेच लागतील. अगदी जवळ ठेवलं की माणूस पाय रोवून कंबरच फिरवतो. दुसरं, हे समीकरण १९ ते २६ अंश तापमान आणि न घसरणारी जमीन गृहीत धरतं. रावेर-सावद्याच्या मे महिन्यात, वर केळीच्या सालींचा चिखल, तिथे हा आकडा आणखी खाली धरा.

५० किलोच्या पोत्याचं या हिशोबात काय होतं ते कोणी विचारू नका. आदर्श स्थितीतच कमाल २३.

---

सावदा_केळी

समजलं. पण खोका आधी जमिनीवरून स्टँडवर ठेवायला उचलावाच लागेल ना?

---

वाफसा

नाही, तीच चूक होते. *रिकामा* खोका स्टँडवर ठेवायचा आणि फण्या तिथेच रचायच्या. भरलेला खोका जमिनीला लागताच कामा नये. फण्या धुण्याचं टाकंही त्याच उंचीवर हवं, नाहीतर वाकणं खोक्यावरून टाक्यावर गेलं एवढंच. आणि टाक्याच्या तळापर्यंत हात घालावा लागू नये. पाणी कमी खोल ठेवा, फण्या तरंगतातच.

---

चोपडेकर_भाऊ

बठ्ठं खरं से भाऊ, पन घडाचं काय? बागेतून रस्त्यापर्यंत घड डोक्यावरच येतो. चुंबळ ठेवली की २५ किलो आरामात. आफ्रिकेतल्या बाया डोक्यावर ओझं नेतात आणि त्यांना दमही लागत नाही, असं संशोधन वाचलंय.

---

मणका

संशोधन खरं आहे. १९८६ मध्ये ‘नेचर’मध्ये आलं होतं. केनियातल्या लुओ आणि किकुयू स्त्रिया स्वतःच्या वजनाच्या सुमारे २० टक्क्यांपर्यंतचं ओझं जादा ऑक्सिजन न वापरता नेतात असं मोजलं गेलं. त्यातल्या दोन गोष्टी सोडून चालणार नाही. त्या लहानपणापासून सरावलेल्या, आणि मर्यादा २० टक्के. ५५ किलोच्या माणसाच्या डोक्यावर २५ किलो म्हणजे ४५ टक्के. शिवाय दम लागणं आणि मानेच्या चकत्यांवर दाब येणं हे दोन वेगळे हिशोब. फुप्फुसाला कळलं नाही म्हणून मानेला कळलं नाही असं होत नाही.

डोक्यावर न्यायचंच असेल तर चुंबळ रुंद आणि चपटी, घडाचा दांडा पुढे-मागे, आडवा नाही. आडवा घड पानात अडकतो, मान झटक्याने फिरते. इजा चालताना कमी, अशा झटक्याला जास्त.

एका खांद्यावर नेणं त्याहून वाईट. धड एका बाजूला कलतं, दुसऱ्या बाजूचे स्नायू त्याला ओढून धरतात आणि कण्यावर दोन्हींची बेरीज पडते. बादलीचंही हेच. एका हातात एक भरलेली बादली नेण्यापेक्षा दोन हातांत दोन अर्ध्या न्या.

---

लेथवाला

घडासाठी दोनचाकी गाडा करा. लागवड ५ बाय ५ फुटांवर असेल तर गाड्याची बाहेरची रुंदी ६० सेंमीच्या वर नको, पानं आणि ठिबकच्या नळ्या दोन्ही सांभाळायच्या. चाक ४० सेंमीहून लहान घेऊ नका. काळ्या जमिनीत बारकं चाक रुततं आणि १६ मिमीच्या नळीवर अडखळतं. हवेचं टायर घ्या, भरीव रबर नको.

आस भाराच्या बरोबर खाली आणू नका, किंचित पुढे. ६० किलोचा भार आसापासून १५ सेंमी मागे आणि मूठ १२० सेंमी मागे असेल तर हातावर ६० × १५ ÷ १२० = साडेसात किलो येतात. एवढं हवंच. शून्य केलं तर उतारावर गाडा पुढे उलटतो. मुठीची उंची ९० ते १०० सेंमी, तीन भोकं पाडून बदलती ठेवा. तळाला फोम किंवा जुनी रजई, नाहीतर घडाला डाग पडून व्यापारी भाव पाडतो, मग पाठ वाचवून काय उपयोग.

---

निंदणीवाली_ताई

खुरप्यावर कोणीच आलं नाही, आणि निंदणीला बायकाच असतात. मी लिहिते.

बाजारातल्या खुरप्याची मूठ २२-२४ मिमी जाड असते. एवढी बारीक मूठ धरायला बोटं पूर्ण मिटावी लागतात आणि मिटलेल्या मुठीत जोर कमी पडतो. जोर लावायच्या अवजाराला ३२ मिमीपासून पुढे जाडी हवी. बायकांच्या हाताला ३२ ते ३५ पुरे. ओळखायचं कसं? मूठ धरल्यावर अंगठ्याचं टोक मधल्या बोटाच्या टोकाला किंचित ओलांडून जावं. बोटं तळव्यात रुतत असतील तर बारीक, टोकं जुळतच नसतील तर जाड.

नवं घ्यायची गरज नाही. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून ताणून गुंडाळा. एका वेढ्याला जाडी २ मिमीने वाढते, २४ वरून ३२ ला चार वेढे. रबराने घामाचा हात घसरतही नाही. कापडी चिंधी गुंडाळू नका, ती ओली राहते आणि फोड येतात.

लांबी १२ सेंमी. ८-९ सेंमीच्या मुठीचं टोक तळव्याच्या मध्यात टोचतं, तिथून नस जाते, बोटांना मुंग्या येण्याचं ते एक कारण. टोक तळव्याच्या बाहेर निघालं पाहिजे.

पातं मुठीच्या रेषेत सरळ असेल तर खुरपताना मनगट खाली मोडतं. मानेशी पातं थोडं वाकवून घ्या. लोहाराला सांगताना खुरपं हातात धरून, मनगट सरळ ठेवून दाखवा आणि पातं जमिनीला लागेल एवढं वाकवायला लावा. अंशात सांगून उपयोग नाही. विळ्याचंही तसंच. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेचा ‘नवीन’ विळा आहे, त्याची मूठ मागे वाकवलेली असते ती पकड पक्की बसावी आणि हाताला इजा होऊ नये म्हणून.

आणि बसणं. उकिडवं बसून पाळीच्या पाळी खुरपल्या की गुडघा पूर्ण मिटलेला राहतो. १५-२० सेंमी उंचीचं एक पायाचं बसकं कमरेला बांधता येतं, उठलं तरी सोबत येतं. पाय एकच का, तर पुढे सरकताना ते कलतं. चार पायांचं उचलून ठेवावं लागतं, मग दोन दिवसांत बांधावर पडून राहतं.

---

वाफसा

ताईंच्या लिहिण्याला जोड म्हणून सायकल कोळपं. कोळप्याचा दांडा जितका उभा तितका तुमचा जोर जमिनीत जातो. जमिनीशी ४५ अंशांत ७१ टक्के जोर पुढे, ३० अंशांत ८७ टक्के. म्हणून दांडा लांब घ्या, पण वळणावर पीक मोडायला लागलं की तेवढं पुरे. मूठ कोपराच्या थोडी खाली. पास, म्हणजे कोळप्याचं पातं, २-३ सेंमीच खोल. त्याहून खोल घातली की ओढ झपाट्याने वाढते आणि तण काही जास्त निघत नाही. जमिनीत वाफसा असताना, म्हणजे ती ना चिखल ना कोरडी असतानाच चालवा. काळी जमीन वाळून तडकली की कुठलंही माप कामाचं नाही.

---

पऱ्हाटी

कापूस वेचणीचं राहिलं.

---

निंदणीवाली_ताई

थोडक्यात. गळ्यात अडकवलेली झोळी नको, मान पुढे ओढते. कमरेला रुंद पट्टा आणि दोन्ही बाजूंना दोन पिशव्या, भार सारखा वाटला जातो. पिशवीच्या तोंडात जाड तारेचं कडं शिवा, म्हणजे तोंड उघडं राहतं आणि दर बोंडाला हात चाचपडत नाही. चारेक किलो झालं की रिकामी करायची, ओळीच्या टोकाची वाट बघायची नाही.

---

ओटा_३४

घरातलं चालेल का? ओटा नवा बांधायचाय. गवंडी म्हणतो, सगळे ३४ इंच करतात.

---

मणका

चालेल, तत्त्व तेच. सगळे करतात ते कोणाच्या कोपरावरून?

घरात जी व्यक्ती जास्त वेळ ओट्याशी असते तिला घरातल्या चपलेसह भिंतीला टेकून उभं करा. हात काटकोनात वाकवून कोपराच्या खालच्या टोकाशी पेन्सिलची खूण, जमिनीपासून टेपने मोजा. उंची १५२ सेंमी असेल तर कोपर ९५-९६ च्या आसपास येतं.

चिरणं-निवडणं: कोपरापेक्षा १० सेंमी खाली, म्हणजे ८५, गवंड्याचे ३४ इंच बरोबर बसले. पण कळण्याची भाकरी थापायला आणि घट्ट पीठ मळायला अंगाचं वजन वरून यायला हवं, तिथे १५ ते २० खाली, ७६ ते ८०. एकाच ओट्यात दोन्ही बसत नाही. शेवटच्या अडीच-तीन फुटांचा टप्पा खाली घ्या.

गॅस सगळ्यांत चुकतो. ८५ च्या ओट्यावर १२-१५ सेंमीची शेगडी, त्यावर कढई, हात जातो ११० वर, खांदे उचलून शेव-भाजी ढवळायची. शेगडीखालचा ओटा १० सेंमीने उतरवा.

सिंकचं उलट. काम काठावर नाही, तळाशी होतं. २० सेंमी खोल सिंकचा काठ ८५ ला म्हणजे हात ६५ वर, दिवसातून तीनदा वाकून भांडी. काठ ५ सेंमीने वर घ्या, सिंक १५-१६ सेंमी खोल निवडा. जुनं असेल तर तळात लाकडी जाळी टाका.

आणि खाली पायाची खाच: १० सेंमी उंच, ८-१० आत. कपाट पायाला लागलं की माणूस लांब उभा राहतो आणि ओट्यावर वाकतो. फर्निचरवाला हे हमखास विसरतो.

---

ओटा_३४

सासू १४८, सून १६२. दोघी करतात.

---

मणका

उंच सुनेच्या मापाने बांधा. सासूबाईंसाठी ६० बाय ९० सेंमीची, ७-८ सेंमी उंच लाकडी फळी, खाली रबराचे पाय. उंची वाढवता येते, ओटा वाकवता येत नाही. फळी पूर्ण रुंदीची हवी. लहान पाट ठेवला तर मागे सरकताना पाय चुकतो.

---

चोपडेकर_भाऊ

ऑफिसच्या खुर्चीचं पण सांगून टाका.

---

पऱ्हाटी

त्याला वेगळा धागा काढा भाऊ. इथे लेथवाल्यांकडून पॅकिंगच्या स्टँडचं मोजमाप हवंय, उद्या पाइप आणायचा आहे.

---

लेथवाला

घ्या. २५ बाय २५ मिमी चौकोनी पाइप, १६ गेज. एका २० फुटी नगात बसतं.

पाय: ५५.४ सेंमीचे ४.
वरची चौकट: ६० सेंमीचे २, ४० सेंमीचे २ (बाहेरून ६० बाय ४५ होते).
खालचे आडवे: ४० सेंमीचे २, त्यांना मधून जोडायला ५५ सेंमीचा १.
पायाखाली: १० बाय १० सेंमी, ३ मिमी जाड पत्र्याचे ४ चौकोन.
वर १८ मिमी प्लाय, ६० बाय ४५, वॉटरप्रूफ.

पाय, चौकट, प्लाय आणि पत्रा मिळून बरोबर ६० सेंमी. अर्धा मीटर पाइप उरेल. सगळं मिळून वजन साडेदहा किलोच्या आसपास, एका माणसाला हलवता येतं.

पत्र्याचे चौकोन वाचवू नका. त्यांच्याशिवाय पाइपची टोकं ओल्या काळ्या जमिनीत खिळ्यासारखी जातात, ६० चे ५५ होतात, तेही चारही पायांचे सारखे नाही.

---

सावदा_केळी

चाकं लावली तर? हलवायला सोपं.

---

लेथवाला

नको. खोका ओढून घेताना स्टँड मागे सरकेल, हात लांब जाईल आणि ३० चे ४० सेंमी होतील. हलवायलाच हवं असेल तर एकाच बाजूच्या दोन पायांना बाहेरून चाकं, जमिनीपासून १ सेंमी वर. स्टँड तिरपा केला तरच टेकतील.

प्लायच्या तीन कडांना पट्टी लावू शकता, चौथी, गाडीकडची, मोकळी ठेवा. खोका सरकवून अंगाशी घ्यायचा, उचलून पट्टी ओलांडायची नाही. पाइपची तोंडं वेल्ड करून बंद करा, धुण्याचं पाणी आत राहिलं तर आतून गंजेल.

---

पऱ्हाटी

चार नग टाकतो. भाव इथेच कळवतो.